माळ्यावरचा संगणक पुन्हा सुरू करताना...

अनसिंग (जि. वाशिम) : दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. तांब्या-पितळेची भांडी, जुन्या वह्या, बंद पडलेला ट्रान्झिस्टर यांच्यासोबत एखाद्या ट्रंकेतून वहीएवढी काळी, कळांची पाटी निघते. तिला पडदा नसतो, माउस नसतो. मागे दोन-चार छिद्रे आणि सोबत कॅसेटची पिशवी एवढेच असते. घरातल्या तरुणांना ते खेळणे वाटते. प्रत्यक्षात तो १९८०च्या दशकातील घरगुती संगणक असतो. अनसिंगसारख्या गावात अशी वस्तू निघालीच, तर ती भंगाराच्या काट्यावर जाण्याची शक्यता अधिक. तिचे वजन जेमतेम किलोभर, त्यामुळे मोलही तेवढेच.

परंतु भंगारापेक्षाही मोठा धोका उत्साहाचा असतो. 'बघू तरी चालतो का' असे म्हणत हाताशी असलेला कोणताही अॅडॉप्टर जोडला जातो आणि चाळीस वर्षे शाबूत राहिलेले यंत्र एका क्षणात निकामी होते. जुना संगणक दुरुस्त करण्याचा पहिला नियम म्हणूनच अगदी साधा आहे : त्याला लगेच वीज जोडू नये. त्यापुढचे काम क्रमाने आणि सबुरीने केले, तर ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही जाणत्या कारागिराच्या आवाक्यातले आहे.

हे यंत्र आले कोठून?

ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा संगणक बाजारात आणला. त्याच्या १६ किलोबाइट स्मृतीच्या नमुन्याची किंमत १२५ पौंड, तर ४८ किलोबाइटच्या नमुन्याची १७५ पौंड होती. घरचा दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर हेच त्याचे साठवणुकीचे साधन होते. १९८४च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या कळांचा 'स्पेक्ट्रम प्लस' आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून या उद्योगावरील निर्बंध सैल केले. त्यानंतर १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने तो भारतात आणला. १९९०च्या सुमारास ही बाजारपेठ ओसरेपर्यंत त्याचे काही हजार नग विकले गेले.

भारतीय घरांना हा संगणक मानवण्याचे एक तांत्रिक कारणही होते. ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांत विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत 'पाल' हीच होती. दूरदर्शनवर रंग आले ते १९८२मध्येच.

शाळेच्या अडगळीतून निघणारा जुना संगणक मात्र बहुधा वेगळा असतो. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प २४८ शाळांमध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. त्यासाठी 'बीबीसी मायक्रो' हे ब्रिटिश बनावटीचे संगणक निवडण्यात आले होते. त्या काळी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. अनसिंग अकोला जिल्ह्यात मोडत असे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, तोवर या आठ बिटी संगणकांचे युग संपलेही होते.

आधी कॅसेट, मग यंत्र

दुरुस्तीला बसण्यापूर्वी सोबतच्या कॅसेटकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. संगणकाचे सुटे भाग आजही मिळू शकतात. कॅसेटवर कोणी स्वतःच्या हाताने लिहून साठवलेली आज्ञावली मात्र जगात एकच असते. त्यात एखाद्या विद्यार्थ्याचा गणिताचा कार्यक्रम असेल, एखाद्या दुकानाचा हिशेब असेल किंवा शिक्षकाने तयार केलेली प्रश्नमंजूषा असेल. बाजारात मिळणारे खेळ जगभरच्या संग्राहकांनी केव्हाच जतन केले आहेत. हस्ताक्षरात नाव लिहिलेली कॅसेट हीच खरी मोलाची वस्तू होय.

स्पेक्ट्रम माहिती कॅसेटवर ध्वनीच्या रूपात साठवतो. शून्यासाठी आखूड आणि एकसाठी लांब अशा ध्वनिलहरी, सेकंदाला सरासरी दीड हजार बिट या वेगाने नोंदल्या जातात. ऐकताना ती निव्वळ किरकिर वाटते. याचा एक मोठा फायदा असा की, ती जतन करण्यासाठी जुना संगणक चालू असण्याची गरजच नाही. चांगला टेपरेकॉर्डर आणि आजचा साधा संगणक एवढ्यावर काम भागते.

पावसाळी दमटपणामुळे फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके आले आहेत का, फीत दाबून धरणारी छोटी गादी निखळली आहे का, हे प्रथम पाहावे. बुरशी असल्यास ती कॅसेट तशीच वाजवू नये; तिची बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटपर्यंत पोहोचते. फीत सैल झाली असेल, तर पूर्वीप्रमाणे पेन्सिल घालून हलक्या हाताने गुंडाळावी. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित फिरवून आवाज सर्वांत स्पष्ट आणि टोकदार येईल अशा ठिकाणी आणावा. जुन्या कारागिरांना हे 'हेड सेटिंग' चांगले ठाऊक असते. त्यानंतर ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने आणि न आकसता, म्हणजे 'वेव्ह' स्वरूपात नोंदवावा. एमपी-थ्रीसारख्या पद्धतीत कानाला न जाणवणारे तपशील गाळले जातात. संगणकाला नेमके तेच हवे असण्याची शक्यता असते.

अॅडॉप्टरची उलटी गोष्ट

यंत्राच्या दुरुस्तीतील सर्वांत महागडी चूक सर्वांत स्वस्त वस्तूमुळे होते, ती म्हणजे अॅडॉप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट एकदिश वीज लागते. तथापि, त्याच्या पिनेचा मध्यभाग ऋण आणि बाहेरील कडे धन असते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अॅडॉप्टरमध्ये नेमके उलट असते. पिन बसते, व्होल्टेज जुळते, पण प्रवाह उलटा जातो.

मूळ अॅडॉप्टर सापडला, तरी तोही तपासून घ्यावा. तो अनियंत्रित प्रकारचा असल्याने मल्टिमीटरवर भार नसताना ९ऐवजी १२ व्होल्टपेक्षाही अधिक आकडा दिसू शकतो. तो दोष नव्हे. मात्र वायरचे आवरण तडकले असेल, जळका वास येत असेल किंवा रोहित्र भाराविना अतिशय तापत असेल, तर तो बाजूला ठेवून योग्य ध्रुवतेचा, किमान दीड अँपिअर क्षमतेचा नवा अॅडॉप्टर वापरणे शहाणपणाचे.

बीबीसी मायक्रोच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी. त्याचा वीजपुरवठा यंत्राच्या आतच असतो आणि २३० व्होल्टच्या बाजूला असलेले त्याचे गाळणी कपॅसिटर जुनाट झाल्यावर तडकतात. ते दमट हवा शोषतात आणि वीज जोडल्यावर काही मिनिटांतच धूर सोडून फुटतात. वीज जोडण्यापूर्वीच ते बदलणे हा आता सर्वत्र रूढ झालेला रिवाज आहे. हे काम घरी करण्याचे नाही, जाणकाराकडेच द्यावे.

विदर्भाचे ऊन आणि कंडेन्सर

मंडळपट्टीवर दंडगोलाकार छोटे डबे दिसतात, त्यांना कारागीर कंडेन्सर म्हणतात. त्यांचे शास्त्रीय नाव इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. विजेतील चढउतार गिळून प्रवाह सपाट ठेवणे हे त्यांचे काम. त्यांच्या आत ओलसर रसायन असते आणि वर्षानुवर्षे ते हळूहळू सुकते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

हा ठोकताळा विदर्भाला लावला की चित्र स्पष्ट होते. मे महिन्यात वाशिम परिसरात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छताखालचा माळा त्याहूनही तापतो. थंड प्रदेशातील कपाटात राहिलेल्या यंत्रापेक्षा येथील माळ्यावरच्या यंत्राचे कपॅसिटर अधिक थकलेले असणार, हे गृहीत धरूनच काम सुरू करावे. स्पेक्ट्रममध्ये असे कपॅसिटर मोजकेच असतात. एकेक तपासत बसण्यापेक्षा सगळे एकदम बदलणे सोयीचे पडते आणि त्याचा खर्चही फार येत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे ते सहज मिळतात.

बदलताना दोन पथ्ये पाळावीत. कपॅसिटरला धन-ऋण बाजू असते. जुना काढण्यापूर्वी मंडळपट्टीचे छायाचित्र घ्यावे. तसेच जुन्या पट्टीवरचे तांबे नाजूक असते. कथिल पुरते वितळण्याआधी पाय ओढला, तर तांब्याची रेघ उखडून येते आणि दहा रुपयांच्या सुट्या भागासाठी पट्टीच जायबंदी होते. डाग देताना खोली हवेशीर असावी, कारण त्या काळच्या कथिलात शिसे असते.

तीन व्होल्टेजचे गणित

स्पेक्ट्रमच्या ४८ किलोबाइट स्मृतीचे दोन भाग पडतात. खालच्या १६ किलोबाइटसाठी '४११६' या क्रमांकाच्या आठ चिप वापरलेल्या आहेत. या चिपना एक नव्हे, तीन व्होल्टेज लागतात : अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. अॅडॉप्टरमधून येणाऱ्या नऊ व्होल्टपासून अधिक ५ व्होल्ट '७८०५' हा नियंत्रक देतो, तर अधिक १२ आणि उणे ५ तयार करण्याचे काम मंडळपट्टीवरचा एक छोटा परिवर्तक करतो. त्यातील 'टीआर ४' या ट्रान्झिस्टरचे जळणे हा स्पेक्ट्रमचा सर्वांत परिचित आजार आहे. यंत्र चालू असताना मागचे एखादे उपकरण काढले किंवा लावले, तर तो हमखास जातो. पुष्कळ स्पेक्ट्रम माळ्यावर गेले ते याच एका सवयीमुळे.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले आणि अधिक १२ शिल्लक राहिले, तर ४११६ चिप स्वतः जळू लागतात. म्हणून वीज जोडल्यावर पडद्याकडे पाहण्याआधी मल्टिमीटर घेऊन या चिपच्या पायांवरील व्होल्टेज मोजावे : पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर अधिक १२, नवव्यावर अधिक ५, सोळावा पाय शून्याचा. यातला एक जरी आकडा चुकला, तरी ताबडतोब वीज बंद करावी आणि परिवर्तकाची दुरुस्ती आधी करावी.

वरच्या ३२ किलोबाइटमागे काटकसरीची एक मजेदार कथा दडलेली आहे. त्यासाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या अशा चिप विकत घेतल्या की ज्यांचा अर्धा भाग उत्पादनातच सदोष निघाला होता. चांगला अर्धा भाग तेवढा वापरून कंपनीने खर्च वाचवला. आज त्या जागी पूर्ण चांगली चिप बसवता येते. फक्त कोणता अर्धा भाग वापरायचा हे ठरवणारी मंडळपट्टीवरची तारजोडणी पाहून घ्यावी लागते.

पडदा काय सांगतो?

व्होल्टेज बरोबर असतील, तर आता दूरचित्रवाणी संच जोडण्यास हरकत नाही. सुरू होताच स्पेक्ट्रम स्वतःची स्मृती तपासतो. पडदा क्षणभर काळा होतो, मग पांढरा होतो आणि तळाशी १९८२ सालाचा उल्लेख असलेली सिंक्लेअर रिसर्चची स्वामित्वहक्काची ओळ उमटते. ती ओळ दिसली की निम्मी लढाई जिंकली.

ओळीऐवजी रंगीत चौकटी किंवा उभे पट्टे दिसले, तर संशय प्रथम खालच्या स्मृतीवर घ्यावा. पडदा केवळ काळा राहिला, तर प्रक्रियक, आज्ञाकोशाची चिप किंवा चित्र तयार करणारी 'यूएलए' ही चिप तपासावी लागते. खालची स्मृती ठणठणीत पण वरची बिघडलेली असेल, तर यंत्र कसलीही तक्रार न करता चालू होते. फक्त ते १६ किलोबाइटचे असल्यासारखे वागते. हे ओळखण्यासाठी 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' ही आज्ञा द्यावी. उत्तर ६५५३५ आले तर संपूर्ण ४८ किलोबाइट स्मृती शाबूत आहे. ३२७६७ आले तर वरचा भाग गेलेला आहे.

ही आज्ञा देता येण्यासाठी कळफलक चालायला हवा आणि तो बहुधा चालत नाही. कळांखाली प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर विद्युतवाहक रेघा असतात. त्यांची शेपटी मंडळपट्टीत खोवलेली असते. उष्णतेने ती ठिसूळ होते आणि यंत्र उघडतानाच तुटते. म्हणून वरचे झाकण झटक्याने उचलू नये. एकदा तडकलेला पापुद्रा दुरुस्त होत नाही. मात्र हे पापुद्रे आता नव्याने तयार केले जातात आणि परदेशातून मागवता येतात.

सुधारणा कोणत्या कराव्यात?

यंत्र पूर्ववत झाल्यावर त्याला आजच्या जगाशी जोडण्याचा मोह होतो. त्यात गैर काहीच नाही. मात्र केलेली प्रत्येक सुधारणा पुन्हा काढता आली पाहिजे, हे पथ्य जगभरचे जाणकार पाळतात. पेटीला नवी छिद्रे पाडू नयेत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा.

पहिली उपयुक्त सुधारणा चित्राची. मूळ ब्रिटिश स्पेक्ट्रम आपले चित्र वाहिनीच्या लहरींवर, यूएचएफच्या ३६व्या क्रमांकावर पाठवतो आणि दूरचित्रवाणी संचाला ती वाहिनी शोधावी लागते. या प्रवासात चित्र धूसर होते. वास्तविक स्वच्छ 'कंपोझिट' संकेत मंडळपट्टीवर तयारच असतो. मॉड्युलेटरच्या डबीतील एक जोड सोडवून तो संकेत थेट बाहेरच्या खोबणीत आणला की, आजच्या टीव्हीच्या पिवळ्या खोबणीत लख्ख चित्र मिळते. हे काम अर्ध्या तासाचे असते.

दुसरी सुधारणा उष्णतेची. नऊ व्होल्टमधून पाच व्होल्ट काढणारा '७८०५' हा नियंत्रक जादा विजेची अक्षरशः उष्णता करतो. चार व्होल्ट आणि पाऊण अँपिअर धरले, तरी तीन वॅट उष्णता बंद पेटीत सतत साचत राहते. त्याच्या जागी त्याच आकाराचा स्विचिंग पद्धतीचा नियंत्रक बसवला की पेटी थंड राहते. यूएलए चिपवर उष्णता पसरवणारा अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवणेही हिताचे. विदर्भातील उन्हाळ्यात या दोन गोष्टींना चैन म्हणता येणार नाही.

तिसरी सुधारणा साठवणुकीची. कॅसेटवरून एक मोठा खेळ चढवायला चार-पाच मिनिटे लागत आणि शेवटच्या क्षणी वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. भारनियमन सोसलेल्या वाचकांना त्याची कल्पना सहज करता येईल. आज मागच्या खोबणीत बसणारी 'डिव्हएमएमसी' प्रकारची उपकरणे मिळतात. त्यांत एसडी कार्ड घातले की हजारो कार्यक्रम काही सेकंदांत चढतात. तेवढाही खर्च करायचा नसेल, तर मोबाइल आणि एक साधी केबल पुरते. कॅसेटचा ध्वनी मोबाइलवरून पूर्ण आवाजात वाजवला, की संगणकाला तो टेपरेकॉर्डरच वाटतो.

स्मृतीच्या जुन्या चिप वारंवार जळत असतील, तर एकाच व्होल्टेजवर चालणारे नवे पर्यायी मॉड्यूल बसवण्याचाही मार्ग आहे. परंतु चालू स्थितीतील चिप केवळ हौसेपोटी काढण्यात अर्थ नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

येथे एक रास्त प्रश्न उपस्थित होतो. स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली कोणत्याही संगणकावर फुकट चालते. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये तर जुन्याच आकाराचा, आतून संपूर्ण नवा 'द स्पेक्ट्रम' बाजारात आला. मोबाइलमधील तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र या यंत्राच्या संपूर्ण स्मृतीच्या चौसष्ट पट असते. मग जुन्या पट्टीला डाग देत का बसावे?

याचे उत्तर शिक्षणात आहे. आजच्या मोबाइलमध्ये सारे काही बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्ये बंद असते. ते पाहता येत नाही आणि समजूनही घेता येत नाही. स्पेक्ट्रमच्या मंडळपट्टीवर प्रक्रियक वेगळा, स्मृती वेगळी आणि चित्र तयार करणारी चिप वेगळी दिसते. एकेका पायावर मल्टिमीटर टेकवून आठवीचा विद्यार्थी संगणक म्हणजे काय, हे बोटाने दाखवू शकतो.

त्याचे एक सुंदर उदाहरण मराठीचेच आहे. या संगणकाला देवनागरी येत नव्हती. मात्र वापरणाऱ्याने स्वतः रेखाटलेल्या २१ अक्षरांसाठी त्यात जागा राखून ठेवलेली होती. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ घरे. घरांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी. जी घरे काळी करायची त्यांची बेरीज करून ती संगणकाला सांगायची. '२५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, ०' हे आठ आकडे क्रमाने दिले की पडद्यावर 'प' उमटतो. पहिल्या ओळीची सर्व घरे काळी, ती शिरोरेषा. ६४ आणि २ मिळून ६६, ती डावी रेघ आणि उजवा दंड. चौकटीच्या कागदावर हे आकडे मांडून पाहिले तरी त्याची खात्री पटते. द्विमान पद्धती शिकवण्यासाठी यापेक्षा सोपा धडा शोधून सापडणार नाही.

कारागिरांची शेवटची पिढी

वेळ मात्र हातातून निसटत चालली आहे. स्पेक्ट्रमचा मेंदू असलेली 'झेड ८०' ही चिप १९७६पासून तयार होत होती. झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४मध्ये तिच्या मूळ स्वरूपातील उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि अखेरच्या मागण्या त्याच वर्षीच्या जूनपर्यंत स्वीकारल्या. जुना साठा अजून उपलब्ध आहे. पण तो आता वाढणार नाही. या संगणकाचे जनक सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचेही १६ सप्टेंबर २०२१ रोजी निधन झाले.

चिपइतकीच दुर्मिळ होत आहे ती माणसाच्या हातातील कला. रेडिओ, टेपरेकॉर्डर, कृष्णधवल टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर एकेकाळी प्रत्येक बाजारगावात असत. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून किंवा कोणा उस्तादाच्या हाताखाली शिकून ते तयार होत. बिघाड कोठे आहे, हे ते वासावरून, आवाजावरून आणि बोटाला लागणाऱ्या उष्णतेवरून ओळखत. आता त्यांतील अनेक दुकानांत मोबाइलच्या काचा बदलल्या जातात. कंडेन्सर बदलणे, हेड सेटिंग करणे, परिवर्तक तपासणे ही कामे या जुन्या कारागिरांच्या हातची आहेत; त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. अनसिंगच्या माळ्यावरून एखादे यंत्र निघाले, तर त्यासाठी लागणारा माणूस पुण्या-मुंबईत शोधण्याआधी जवळच्या बाजारपेठेत शोधावा. त्याच्याशेजारी शाळेतील दोन मुले बसवली, तर यंत्राबरोबर ती कलाही पुढच्या पिढीकडे जाईल.

आणि यंत्र खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेले असेल, तर? तेव्हाही ते जाळू किंवा फेकू नये. त्यातील शाबूत चिप दुसऱ्या यंत्राला जीवदान देऊ शकतात. उरलेला भाग ई-कचऱ्यात मोडतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच जायला हवा. कॅसेट मात्र कोणत्याही परिस्थितीत टाकू नये. यंत्र पुन्हा मिळेल, त्या फितीवरची माहिती मिळणार नाही.

चौकट : कामाचा क्रम

* सापडलेल्या यंत्राला लगेच वीज जोडू नये.
* कॅसेटमधील ध्वनी सर्वांत आधी 'वेव्ह' स्वरूपात उतरवून त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात.
* अॅडॉप्टरचे व्होल्टेज आणि ध्रुवता मल्टिमीटरने तपासावी. स्पेक्ट्रमसाठी मध्यभाग ऋण असतो.
* पेटी सावकाश उघडावी, कळफलकाची शेपटी सांभाळावी, मंडळपट्टीचे छायाचित्र घ्यावे.
* इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलावेत. धन-ऋण बाजू जुळवावी.
* वीज जोडताच उणे ५, अधिक १२ आणि अधिक ५ ही तिन्ही व्होल्टेज मोजावीत. पडदा त्यानंतर पाहावा.
* यंत्र चालू असताना मागील खोबणीतील कोणतेही उपकरण काढू किंवा लावू नये.
* जुन्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडू नये. बंद केल्यानंतरही त्यात प्राणघातक उच्च दाबाची वीज साठून राहते.
* सुधारणा शेवटी कराव्यात आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.